समोरून शिकलेला नाच

नृत्याच्या वर्गात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळ्यांची ती पिशवीकाकू. नाव पोरींनीच पाडलेलं. दर शनिवारी ही बाई लेकीला घेऊन यायची आणि तिच्या खांद्याला एक मळखाऊ कापडी पिशवी असायची. त्या पिशवीत काय नसायचं ते विचारा. सेफ्टी पिना, सुईदोरा, चिकटपट्टी, केसांचे आकडे, जादा टॉवेल, खरचटलं तर मलम आणि भूक लागली तर बिस्किटं. दुसऱ्या कुणाच्या पोरीची नाडी तुटली तरी ती पोरगी स्वतःच्या आईला ओलांडून हिच्याकडे यायची. "पिशवीकाकू, काहीतरी करा ना," म्हणायची, आणि पिशवीतून काहीतरी निघायचंच.

वर्ग वस्तीच्या हॉलमध्ये भरायचा. इतर दिवशी तिथे म्हातारे पत्ते खेळायचे, एखाद्या संध्याकाळी कुणी रक्तदाब तपासायला यायचं, लग्नकार्याला तो हॉल भाड्यानेही मिळायचा. भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे, कोपऱ्यात टेबल टेनिसचं घडी घातलेलं टेबल, आणि खिडकीकडच्या फरशा खचलेल्या. तोल गेला की पोरी फरशीकडे बोट दाखवायच्या आणि ताई म्हणायच्या, "नाचता येईना अंगण वाकडं!" वास्तविक अंगण खरंच वाकडं होतं. पण ताईंना हे सांगणार कोण?

आता तिथली बसण्या-उभं राहण्याची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. ताईंचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले. त्या खुर्चीत बसायच्या, पुढ्यात लाकडी ठोकळा आणि हातात दांडकं. ठोकळ्यावर ताल आणि तोंडाने 'तैया तै', एवढ्यावर अख्खा वर्ग नाचवायच्या. करून दाखवायला एखादी मोठी मुलगी सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांकडे पाठ करून उभी राहायची. "भरतनाट्यम शिकायचं ते पाठीमागून," ताई म्हणायच्या. "समोरून बघायला प्रेक्षक आहेत." पुढच्या पाठमोऱ्या मुलीचा उजवा हात वर गेला की मागच्यांचाही उजवा वर. घोळाला जागाच नाही. आयांचा बाक मात्र ताईंच्या मागे, भिंतीला लागून. म्हणजे आयांना दिसायचे मुलींचे चेहरे.

बाकीच्या आया कसल्या बघतात? कुणी मोबाइलमध्ये, कुणी शेजारणीच्या सुनेत, कुणी चक्क डुलक्या काढण्यात. पिशवीकाकू तेवढी डोळ्यांत तेल घालून बघत बसायची, कारण तिला बघणं भागच होतं. तिची लेक म्हणजे भिंगरी. हेही नाव पाळण्यातलं नव्हे, पण त्या पोरीला दुसरं शोभलंच नसतं. पायात वीज आणि डोक्यात चाळण. वर्गात जे सुरेख करायची ते जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत सांडून यायची. मग घरी स्वयंपाकघरात सराव. काकू स्टुलावर बसायची, मांडीवर पोळपाट पालथा घालायची आणि लाटण्याने ठोके द्यायची. "पुढचं काय गं आई?" असं भिंगरीने विचारलं की काकू लाटणं खाली ठेवून तिच्यासमोर उभी राहायची आणि करून दाखवायची. "असं नव्हतं का? असं, आणि मग हा हात असा."

काकू दिवसभर ड्रायक्लीनरच्या दुकानात शर्टांना इस्त्री करणारी बाई. तिला डावा-उजवा असला काही हिशेब नव्हता. पोरीचा ज्या बाजूचा हात वर, त्याच बाजूचा आपला. समोरासमोर उभं राहिलं की माणूस तसंच करतं. पोरगी उजवा उचलायची, आई डावा. दोघींच्या मध्ये ओट्यापासून फ्रीजपर्यंतची जागा. भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावरून आले की दारातच, काकूच्या पाठीशी चहाचा कप घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "दोघींतलं शिकतंय कोण, ते तरी कळू दे."

वर्षानुवर्षं हे असं चाललं. काकूला पोरीच्या पोटातली भूक कळावी तसा पोरीचा नाच पाठ झाला. आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

भिंगरी सतरा वर्षांची होती. शुक्रवारी डोकं दुखतंय म्हणाली. दिवसभर उन्हात हुंदडते, दुखणारच, असं घरात सगळ्यांना वाटलं. रविवारी ताप डोक्यात गेला आणि तिला आईबाप ओळखू येईनात. पुढचा शनिवार काही तिने पाहिला नाही. एवढंच. जास्त सांगण्यात काही अर्थ नाही, आणि ज्याला सांगावं लागतं त्याला सांगूनही कळत नाही.

माणसं आली, बसली, 'देवाघरी चांगल्याच माणसांची गरज असते' वगैरे जे बोलतात ते बोलून गेली. काकूने सगळ्यांना पाणी दिलं. महिना उलटला तशी ती दुकानात परत गेली. आणि एका शनिवारी, इस्त्री बंद करून, पिशवी खांद्याला लावून, पाय नेतील तशी चालत हॉलमध्ये जाऊन बाकावर बसली. शनिवारी दुपारी दुसरीकडे कुठे जायचं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आयांनी मोबाइल पर्समध्ये टाकले. पोरी एकमेकींना ढोसायला लागल्या. त्यातली एक धिटुकली पुढे आली आणि म्हणाली, "पिशवीकाकू, पिन आहे?" काकूने पिन काढून दिली. ती पोरगी पिन घेऊन मागच्या खोलीत गेली आणि रडत बसली.

असे पुष्कळ शनिवार गेले. ताई कठोर बाई, पण त्यांनाही ते रिकामं बसणं बघवेना. एक दिवस लहान मुलींचा वर्ग सुटला आणि मोठ्या बायकांचा सुरू व्हायचा होता. तिथे एक बँकेतली, एक दातांची डॉक्टर, एक नुकतीच निवृत्त झालेली शिक्षिका, अशा हौशी बायका यायच्या. ताईंनी दांडकं काकूकडे रोखलं.

"बाक झिजवून काय होणार गं? ऊठ. उभी राहा त्यांच्यात."

"मला कुठे येतंय ताई?"

"येत नाही म्हणूनच शिकतात. ऊठ म्हणते ना!"

काकू उठली. कमरेला पदर खोचला आणि शेवटच्या रांगेत उभी राहिली. ताईंनी ठोकळ्यावर ठोका दिला, 'तैया तै', आणि सगळ्या बायका उजवीकडे गेल्या. काकू डावीकडे गेली आणि थेट दातांच्या डॉक्टरीणबाईंवर आदळली.

"अगं बाई! माझेच दात पाडता की काय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. काकूही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून तिची तिलाच लाज वाटली. पण पुन्हा तेच. सगळ्यांचा उजवा पाय तर हिचा डावा, सगळ्या खिडकीकडे तर ही दाराकडे. आणि गंमत अशी की चूक कुठेच नव्हती. मान, नजर, बोटं, गुडघ्यातली बैठक, सगळं चोख होतं. ताईंनी बाकीच्या बायकांना थांबवलं आणि एकट्या काकूला पुढे चालू ठेवायला लावलं. ती करत गेली. भिंगरीसाठी बसवलेलं अख्खं जतिस्वरम तिने करून टाकलं. त्यात गोष्ट नाही, देव नाहीत, रुसवे नाहीत, नुसते स्वर आणि पावलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि सगळं उलटं.

ताईंच्या हातातलं दांडकं तसंच राहिलं. "कुणाकडून शिकलीस?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. त्या दिवशी त्यांनी वर्ग लवकर सोडला.

ताईंना जे कळलं नव्हतं ते काकूने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या हॉलच्या खचलेल्या फरशीवर डावा पाय टाकला तेव्हा समोरून भिंगरीने उजवा टाकला होता. भूत नव्हे, भास नव्हे; काकू तसल्या गोष्टींना भीक घालणारी बाईच नव्हती. पण तिचा डावा हात वर गेला की समोर जो हात वर जायचा तो कुणाचा आहे, हे तिला ठाऊक होतं. हाताची लांबी ठाऊक होती, कोपरावरचा तीळ ठाऊक होता. वळताना खालचा ओठ दाताखाली धरायची खोड ठाऊक होती. फोटोतली भिंगरी गप्प उभी असायची आणि काकूला ते फोटो बघवत नसत. ही भिंगरी हलत होती. त्यासाठी काकू शनिवारची वाट बघायला लागली. मग घरीही, नवरा कामावर असताना, ओट्यापाशी उभी राहायला लागली. कधीमधी हळूच म्हणायची, "विसरलीस ना? असं गं."

नवरा घरी असताना नाही. एकदा तिने ठोक्यांसाठी पोळपाट हातात घेतला आणि ते चपला घालून बाहेर पडले. परत आल्यावर म्हणाले, "तो आवाज नको गं. बाकी काय वाट्टेल ते कर." दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू करणारा माणूस, पण घरात शिरला की खुर्चीत बसायचा तो उठायचाच नाही.

वर्षअखेरीच्या कार्यक्रमाचे दिवस जवळ आले. ताईंनी काकूला बाजूला घेतलं. "तिचं जतिस्वरम मी कुणाला दिलं नाही," त्या म्हणाल्या. "जीव झाला नाही माझा. तुमच्या वर्गाकडून करून घेईन म्हणते, जरा छाटून. तू मधे उभी राहा, तिच्या जागेवर. पण रंगमंचावर उलटं चालायचं नाही हो. सुलट करावं लागेल."

काकूने खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"अगं, एवढं येतंय तर सुलट करायला कितीसा वेळ लागणार?"

"तसं नाही ताई," काकू म्हणाली. आणि मग तिने खालमानेने सांगून टाकलं. "ती समोर असते. मी असं केलं की ती समोर असते."

ताईंनी काकूचा हात धरला. "वेडाबाई," त्या म्हणाल्या, "मग तर सुलटच शीक. तिचा उजवा तो तुझा उजवा होऊ दे. समोर कशाला उभी करतेस तिला, परक्यासारखी? ती तुझ्या अंगात येईल. तिच्या पावलांवर तू पाऊल टाकशील. बघ तर खरं."

ताई मनापासून बोलल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि काकूला ते इतकं हवं होतं की तिने ते लगेच खरं मानलं.

पाठ झालेलं विसरणं शिकण्यापेक्षा महाकठीण. काकूच्या नाकी नऊ आले. ताईंनी तिच्या उजव्या मनगटाला रुमाल बांधला. दुकानात इस्त्री फिरवताना ती "उजवा आधी, उजवा आधी" पुटपुटायची. एकदा त्या नादात कुणाच्या तरी कोऱ्या शर्टाच्या बाहीवर इस्त्रीचा शिक्का उठला आणि मालकाची बोलणी खाल्ली. घरी सराव करताना भिंगरी समोर यायची, पण आता दोघींचं जमेना. अरुंद जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली आणि दोघंही एकाच बाजूला सरकली की होतं, तसं व्हायला लागलं. काकू उजवीकडे गेली की पोरगी आडवी यायची. काकूच्या पायात पाय अडकायचे. "जरा थांब ना गं सोन्या," ती म्हणायची. "मला नीट येऊ दे, मग ये."

पोरगी शहाणी. थांबली.

एका शनिवारी काकूने सगळं जतिस्वरम सुलट केलं. एकही पाऊल चुकलं नाही. बँकेतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चला, माझे दात वाचले!" ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटच्या ठोक्यावर काकूने समोर पाहिलं. समोर ताई होत्या, त्यांच्यामागे बाक होता, बाकावर आधीच्या वर्गाच्या मागे रेंगाळलेल्या दोन आया मोबाइल बघत होत्या. मग तिने आपल्या अंगात शोधलं. अंगात दम लागला होता, पाठीतून कळ निघत होती, एवढंच. तिथे दिवसभर इस्त्री करून थकलेली एक बाई होती. दुसरं कुणी नव्हतं.

तिने ताईंना काही सांगितलं नाही. वाकून जमिनीला नमस्कार केला आणि पिशवी उचलली.

घरी येऊन तिने दार लावलं आणि ओट्यापाशी उभी राहिली. डावा, तिने स्वतःला बजावलं, डावा आधी. पहिलं पाऊल डावं पडलं. दुसऱ्याला पाय अडखळला. तिसऱ्याला तिला कळेना की हात कुठला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा उजवाच उठला. मनगटाला रुमाल नव्हता तरी उजवाच उठला. ती करत राहिली, करत राहिली, आणि शेवटी फरशीवर बसून तोंडात पदर कोंबून रडली. दवाखान्यातून आली त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. तेव्हा पोरीला नेणारं दुसरं कुणीतरी होतं. ह्या खेपेला तिनेच, रोज थोडी थोडी करून, घालवली होती.

कार्यक्रम झाला. बरा झाला. काकू मधे उभी राहिली आणि कुठेही चुकली नाही. नवरा मागच्या रांगेत बसला होता, पण ठोकळ्यावर पहिला ठोका पडला तसा उठून बाहेर गेला. रंगमंचावरून तिला त्याची पाठ दिसली. ती त्याच्यावर रागावली नाही. तिलाही बाहेर जायला आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारची भांडी झाली होती. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"अगं," ते म्हणाले, "काल मला बसवलं नाही गं."

"असू द्या हो."

"नाही, तसं नको. आता दाखवशील?"

तिने हात पुसले. नको म्हणणार होती, पण त्यांनी स्टूल ओढलं, ती बसायची तिथेच ठेवलं, पोळपाट मांडीवर पालथा घातला आणि लाटणं हातात घेतलं. त्यांना ताल कुठला यायला? तरी ठक ठक करायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो माणूस खुर्चीतून उठून काहीतरी करत होता. तेव्हा ती उभी राहिली, भिंगरी उभी राहायची तिथे, फ्रीजच्या बाजूला. आणि तिने सुरू केलं. उजवा हात, उजवा पाय, मान, नजर.

लाटणं थांबलं.

तिने पाहिलं तर नवऱ्याचं तोंड उघडं पडलं होतं. डोळे तिच्यावर होते आणि ते घळाघळा वाहत होते.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "थांबू नकोस गं. अगदी तीच आहे. तस्साच हात. वळताना ओठ... अगं, ओठसुद्धा धरलास तू तिच्यासारखा!"

काकूला आपण ओठ धरला हे ठाऊकच नव्हतं. तिने जिभेने चाचपून पाहिलं. ओठ नुसता ओठ होता. समोर स्टुलावर आपला केस पांढरे झालेला नवरा बसला होता आणि त्याला त्यांची पोरगी दिसत होती. ती वळत होती, हलत होती, हाताच्या अंतरावर होती. काकू त्याच्या डोळ्यांत बघत राहिली, की तिथे तरी कुठे दिसते का. दिसलं ते फ्रीजचं पांढरं दार.

"तुला पण दिसत असेल ना गं, करताना?" त्यांनी विचारलं. लहान पोराने विचारावं तसं विचारलं. "तुला तर आतूनच दिसत असेल."

काकूने उजवा हात तसाच वर धरून ठेवला होता. खांदा भरून आला होता.

"दिसते की हो," ती म्हणाली. "तुम्ही ठोके द्या."